गावची तालीम पुन्हा उभी करताना: माती, मॅट आणि सगळ्या वयाची माणसं

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या अनेक गावांत तालमीची इमारत अजून उभी आहे. भिंतीवर मारुतीची तसबीर आणि जुन्या पैलवानांचे फोटो आहेत, मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा आहे, आणि हौद्यात गणपतीच्या मंडपाचे बांबू किंवा कुणाच्या तरी बांधकामाची सिमेंटची पोती पडलेली आहेत. गावातली पोरं मोबाईलवर कुस्त्या बघतात. ज्यांना खरंच लढायचंय ती कोल्हापूर-पुण्याच्या तालमीत खोली घेऊन राहतात, आणि बाकीच्यांचा अंगमेहनतीशी संबंध दहावीनंतर सुटतो.

अशी तालीम पुन्हा सुरू करायची तर क्रमाने काय काय करावं, ते इथे लिहितो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. दोन-चार मोठे पैलवान घडवायचे एवढ्याच हेतूने उघडलेली तालीम ते पैलवान बाहेर पडले की ओस पडते. जी तालीम गदा कधीच न उचलणाऱ्या पोरांसाठी, शाळकरी मुलींसाठी, गुडघे कुरकुरणाऱ्या चाळिशीतल्या माणसांसाठी आणि त्यांच्या आयाबहिणींसाठी चालते, तीच टिकते. आणि त्याच गर्दीतून एखादा पैलवानही निघतो.

आधी माणसं जमवा

पहिला महिना एक रुपयाही खर्च करू नका. तीन याद्या करा. एक, आठ ते सोळा वयाची मुलंमुली. दोन, सकाळी किंवा संध्याकाळी पाऊण तास देऊ शकतील असे प्रौढ, बायका आणि पुरुष दोन्ही. तीन, गावात आज हयात असलेले जुने पैलवान. ही तिसरी यादी सगळ्यात मोलाची. साठीतला एखादा माणूस स्वतः आता लढणार नाही, पण पोरगं पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरताना, मान कुठे अडकवतंय ते त्याला दहा फुटांवरून दिसतं.

वस्ताद ठरवताना त्याने किती कुस्त्या मारल्या ते विचारू नका, तो लहान पोरांशी कसा बोलतो ते बघा. शक्य असेल तर दोघं नेमा: मातीतला एक अनुभवी, आणि मॅटचे नियम शिकलेला एक तरुण, म्हणजे क्रीडा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम केलेला किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेला. दोघांनाही मानधन द्या, थोडं का असेना. फुकटात शिकवणारा माणूस सुगीत आणि लग्नसराईत येत नाही, आणि त्याला जाबही विचारता येत नाही.

पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी स्पष्ट सांगा. छडी तालमीच्या बाहेर राहील. पोराला मारून पैलवान होतो ही समजूत आपल्याकडे फार मुरलेली आहे, पण मार खाणारं पोरगं दुखापत लपवायला शिकतं, आणि कुस्तीत लपवलेली दुखापत महागात पडते. दुसरं म्हणजे, कुणीही मोठा माणूस लहान मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर बंद दाराआड एकटा राहणार नाही. मालीश असो, वजन करणं असो, मुलांचं सगळं उघड्या दाराने आणि दुसरं मोठं माणूस हजर असताना. मुलांशी काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्या. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा तालमीलाही लागू आहे, आणि तक्रार दडपणं हा त्यात गुन्हा आहे.

कागद आणि पैसा

यात फार वेळ घालवू नका, पण टाळूही नका. जुनी तालीम बहुधा एखाद्या मंडळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर असते. जागेचा उतारा काढा, कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि वापराचा करार लेखी घ्या. पुढे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून व्यायामशाळा विकासाचं अनुदान मागायचं असेल तर संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, लेखापरीक्षण आणि जागेचे कागद लागतात. रक्कम आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी त्या कार्यालयात स्वतः जाऊन या.

रोजचा खर्च मात्र अनुदानावर ठेवू नका. प्रौढांच्या गटाची मासिक वर्गणी हा तालमीचा खरा कणा आहे. सकाळच्या गटात पंचवीस-तीस माणसं टिकली तर वस्तादांचं मानधन, वीज आणि साफसफाई निघते, आणि मुलांना फुकट शिकवता येतं. जमाखर्चाचा कागद दर महिन्याला तालमीच्या दारावर लावा. गावात संस्था मोडतात त्या बहुतेक वेळा हिशेबावरूनच.

माती की मॅट?

दोन्ही. पैसे नसतील तर आधी माती.

ऑलिंपिक मॅटवर होतं, शालेय स्पर्धा मॅटवर होतात. जत्रेचं मैदान मातीवर भरतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले पैलवान. १९४८ साली लंडनला ते मॅटवर, अनोळखी आंतरराष्ट्रीय नियमांखाली लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. मातीने त्यांना घडवलं, पण पदकासाठी मॅट शिकावी लागली. आजच्या पोराला ती दहाव्या वर्षीच भेटायला हवी.

हौदा जुना असेल तर आधी रिकामा करा. वरची सगळी माती काढून चाळा. काचा, खिळे, खडे, बांधकामाची कच यांतलं काहीही राहता कामा नये. तळाला पाणी साचत असेल तर माती भरण्याआधी निचऱ्याची सोय करा, नाहीतर पावसाळ्यात खाली चिखल आणि वर कवच अशी अवस्था होते, आणि त्या कवचावर पडलं की खांदा निखळतो. नवीन भर म्हणून तांबडी, मऊ, पोयट्याची माती आणा आणि बारीक चाळणीतून दोनदा काढा. मग परंपरेप्रमाणे तेल, हळद, ताक, लिंबाचा रस, कापूर मिसळतात. तेला-ताकाने माती मऊ राहते आणि धूळ उडत नाही. हळद-कापराने माती निर्जंतुक होते असं मात्र धरून चालू नका. जखमेवर माती लागली तर साबण-पाण्यानेच धुवायची.

माती दाबून बघायची सोपी रीत आहे. मूठभर घेऊन आवळा: लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. वळतच नसेल तर कोरडी आहे, पाणी शिंपडा. बोटाला चिकटून बसत असेल तर ओली आहे, उकरून वारा लागू द्या. रोज सराव सुरू होण्याआधी फावड्याने सगळा हौदा खणून उलटापालटा करायचा. हे काम मोठ्या पोरांनी आळीपाळीने करावं. खांदे, कंबर आणि पकड यांना याच्याइतकी चांगली मेहनत दुसरी नाही, आणि कालचा राहिलेला खडाही हाताला लागतो.

मॅट घेताना स्पर्धेची पूर्ण मॅट, म्हणजे १२ मीटर बाय १२ मीटर, घ्यायचा हट्ट नको. सरावाला ६ बाय ६ मीटर पुरते. तिच्यावर एका वेळी तीन जोड्या सुरक्षितपणे लढू शकतात, चौथी लावली की कुणाचं तरी डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आदळतं. जाडी ४ ते ६ सेंटिमीटर, तुकडे एकमेकांत घट्ट बसणारे, वरून एकसंध आवरण. मॅटच्या कडेपासून भिंत जवळ असेल तर भिंतीला माणसाच्या उंचीइतकी गादी लावा. खांबाला तर लावाच. मॅटवर बाहेरची चप्पल नाही, आणि कुस्तीचे बूट घालून मोरीत जाणं नाही. रोज सराव संपल्यावर ती पुसायची: लिटरभर पाण्यात साधारण १० मिली घरगुती ब्लीच, दहा मिनिटं ओली राहू द्यायची, मग साध्या पाण्याने पुसून सुकवायची.

दारातली तपासणी

रोज सराव सुरू होण्याआधी दोन मिनिटांची रांग लावा. नखं कापलेली आहेत का, अंगठी-गोफ-कडं काढलंय का, आणि अंगावर कुठे चट्टा आहे का.

तालमीत सर्वांत जास्त पसरतो तो नायटा. कडा लाल, मधे फिकट, खाज सुटणारा गोल चट्टा मानेवर, पोटावर, जांघेत दिसला की त्या पोराची कुस्ती बंद. दोरी, बैठका, धावणं चालू ठेवता येतं, पण जोडीत नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. दुकानातून आणलेली ‘लवकर गुण येणारी’ मलमं इथे फार नुकसान करतात. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते आणि नायटा आत पसरत जातो. मग सहा महिने जात नाही. लंगोट रोज धुतलेला, टॉवेल ज्याचा त्याचा, सराव झाल्यावर लगेच अंघोळ. या तीन गोष्टी पाळल्या तर निम्मा त्रास टळतो.

धनुर्वाताची लस मातीत लढणाऱ्या प्रत्येकाने घेतलेली असली पाहिजे. सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती मिळते. नाव नोंदवतानाच विचारा, नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

डोक्याला मार लागून पोरगं क्षणभर जरी गोंधळलं, अडखळलं, मळमळतंय म्हणालं, एकच प्रश्न दोनदा विचारू लागलं, तर त्या दिवशीची कुस्ती संपली. ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी. डॉक्टरांनी तपासेपर्यंत जोड नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, हातापायाला मुंग्या दिसल्या तर थेट रुग्णालय. मान दुखतेय आणि हात किंवा पाय हलत नाही अशी वेळ आली तर त्याला उचलू नका, बसवू नका, मान सरळही करू नका. आहे तिथेच डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून १०८ ला फोन. हा फोन कोण करणार, फाटकाशी कोण उभं राहणार, हे आधीच ठरलेलं असू द्या.

मुलांचे पहिले तीन महिने

पहिले सहा आठवडे कुस्ती लावू नका. पालक विचारतील, पोरं कुरकुरतील, जुने पैलवान हसतील. तरीही नको.

या काळात एकच गोष्ट पक्की करायची: पडणं. मुलाला हौद्यात उकिडवं बसवा, हनुवटी छातीला टेकवा, हातांची छातीवर फुली. आता मागे लोळायचं. आधी बूड, मग कंबर, मग पाठ टेकते, आणि पाठ टेकतानाच दोन्ही हात अंगापासून थोडे बाहेर, तळवे खाली करून मातीवर आपटायचे. डोक्याचा मागचा भाग मातीला लागता कामा नये. यासाठी मुलांना ‘गाठ बघ’ असं सांगतात: नजर स्वतःच्या लंगोटाच्या गाठीवर ठेवली की हनुवटी आपोआप आत राहते. मग हेच अर्धवट वाकून, मग उभ्याने, मग जोडीदाराने हलका धक्का दिल्यावर. मागे पडताना हात जमिनीवर टेकवून स्वतःला सावरणं ही माणसाची जन्मजात सवय असते, आणि मनगट-कोपराची बहुतेक हाडं त्याच सवयीने मोडतात. ती सवय मोडायला हजारो पडणी लागतात. म्हणून रोज, प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, मोठ्या पैलवानांनीसुद्धा.

पडण्याबरोबर खेळ. अस्वलचाल, खेकडाचाल, जोडीदाराला पाठीवर घेऊन हौद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एका पायावर उभं राहून समोरच्याला ढकलणं, गुडघ्यावर बसून खांद्याला हात लावण्याची शर्यत. सत्र साठ मिनिटांपेक्षा लांबवू नका. जागतिक आरोग्य संघटना मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं हालचाल सांगते, ती इथेच पुरी होते. लहानग्यांना शेकड्याने जोर-बैठका मारायला लावू नका. दहा नीट काढलेले जोर शंभर वाकड्या जोरांपेक्षा जास्त शिकवतात.

सातव्या आठवड्यापासून डाव. पहिला एकेरी पट, कारण तो माती आणि मॅट दोन्हीकडे चालतो. खडाखडीत, म्हणजे एकमेकांना अजमावत, उभं राहताना पाय खांद्याइतके रुंद, एक पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघे वाकलेले, कोपरं बरगड्यांजवळ. समोरच्याचं मनगट धरून आपल्याकडे ओढायचं. तो सावरण्यासाठी पाय पुढे टाकतो, तोच पाय आपला. पुढचा गुडघा खाली नेत आत शिरायचं, खांदा त्याच्या मांडीला भिडवायचा, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यामागे बांधायचे आणि गुडघा छातीशी आवळायचा. डोकं वर, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला. इथेच नव्वद टक्के पोरं चुकतात: नजर मातीकडे जाते, मान खाली वाकते, आणि वरचा माणूस मानेवर भार टाकून बसतो. डाव फसतो ते सोडाच, मान मुरगळते. म्हणून वस्तादाने समोर उभं राहून ‘वर बघ’ एवढं एकच वाक्य दिवसभर म्हणत राहावं. मग मागचा पाय उचलून उभं राहायचं आणि त्याचा पाय वर धरून बाजूला फिरायचं.

एक डाव, त्याचा तोड, आणि तोडावरचा डाव. या तीन गोष्टी एका आठवड्याला पुरतात. ढाक, कलाजंग, धोबीपछाड यांची घाई नको. त्यात समोरचा माणूस हवेतून येतो, आणि त्याला पडता येत नसेल तर जबाबदारी फेकणाऱ्याची नाही, शिकवणाऱ्याची.

जोडी लावताना वजनात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको आणि वयात दोन वर्षांपेक्षा जास्त नको. ज्याची जोड मिळत नाही त्या पोराला उगीच मोठ्याच्या हाती देऊ नका, त्याला वस्तादाबरोबर डाव घोटू द्या. प्रत्येक लढतीआधी सलामी, लढतीनंतर हात मिळवणं. एकमेकांच्या हातावर माती देण्याची जुनी रीत आहे ती सांभाळा. समोरचा आपला वैरी नाही, त्याच्याशिवाय आपल्याला कुस्ती येणारच नाही, हे पोरांना त्यातूनच कळतं.

मुलींचा गट

ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती २००४ पासून आहे. २०१६ ला साक्षी मलिकने रिओत कांस्य जिंकलं. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली, आणि ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. तरीही गावच्या तालमीत मुलगी आली की पहिल्या आठवड्यात बघ्यांची गर्दी होते. त्यावर भाषण करून उपयोग नसतो, व्यवस्था करावी लागते.

मुलींची वेळ स्वतंत्र ठेवा आणि ती संध्याकाळी दिवेलागणीच्या आत संपेल अशी. एक महिला सहायक कायम हजर. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आणि स्वच्छतागृह. हे नसेल तर मुली येणार नाहीत, आणि त्या का येत नाहीत ते कुणी तुम्हाला सांगणारही नाही. बघ्यांना त्या वेळेत आत प्रवेश नाही, आया-मावश्या-आज्यांना मात्र खुशाल बसू द्या. मासिक पाळीत सराव करायचा की नाही हे मुलगी ठरवेल, तिने कारण सांगायची गरज नाही. आणि गावात दहा मुली जमत नसतील तर शेजारच्या दोन गावांच्या एकत्र करा, कारण जोडीला माणूस नसेल तर हुशार मुलगीही सहा महिन्यांत कंटाळते.

प्रौढांचं सत्र

प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंची मेहनत हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंचेचाळीस मिनिटांची चार सत्रं घेतली की दोन्ही भागतं.

नाव नोंदवताना प्रत्येकाला विचारा: छातीत दुखतं का, चालताना चक्कर येते का, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या चालू आहेत का, कुठलं ऑपरेशन झालंय का. एक ‘हो’ आलं तरी आधी डॉक्टर. रक्तदाब मोजायचं यंत्र तालमीत ठेवा. १६०/१०० च्या वर असेल त्याने त्या दिवशी फक्त चालायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

पहिली आठ मिनिटं अंग मोकळं करणं: जागच्या जागी चालणं, खांदे, कंबर, घोटे फिरवणं, हळू पाच-सहा सूर्यनमस्कार. मग चार ठिकाणी चार कामं मांडा आणि माणसांचे चार गट करून फिरवा. पहिल्या ठिकाणी बैठका. कुस्तीतली टाचा उचलून पूर्ण खाली जाणारी बैठक चाळिशीच्या गुडघ्याला रोज झेपत नाही, म्हणून नवख्याने खुर्चीवर टेकून उठायचं, जमल्यावर खुर्ची काढायची. दुसऱ्या ठिकाणी जोर: सुरुवातीला भिंतीला हात लावून, मग बाकड्यावर, मग जमिनीवर. तिसऱ्या ठिकाणी वजन उचलून चालणं. करेल (व्यायामाचा लाकडी मुद्गल) असेल तर हलकी करेल, नसेल तर माती भरलेली पाच-दहा किलोची पिशवी पोटाशी धरून वीस पावलं जायचं, वीस यायचं. चौथ्या ठिकाणी दोरीच्या उड्या, आणि ज्यांना उडी नको त्यांनी गुडघे उचलत चालणं. अर्धा मिनिट काम, अर्धा मिनिट विसावा, अशा तीन फेऱ्या. महिन्याभराने चाळीस सेकंद काम, वीस विसावा.

नेट किती लावायचा याचं माप घड्याळात नाही, तोंडात आहे: काम करताना एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलताच येत नसेल तर हळू. जोर काढताना श्वास रोखून धरणाऱ्याला लगेच टोका, रक्तदाब त्यानेच चढतो.

त्यानंतरची दहा-बारा मिनिटं कुस्तीची ठेवा. हीच माणसं टिकवून धरतात. कुणाला आपटायचं नाही. खडाखडीची पावलं, मनगट पकडणं आणि सोडवणं, दोघांनी एका गमछ्याची टोकं धरून ओढाओढ, एका पायावर तोल सांभाळत खांद्याने ढकलणं. पंचावन्नच्या पुढच्यांना आणखी एक शिकवा: जमिनीवरून आधी एका हाताच्या आधाराने, मग हाताचा आधार न घेता, उठून उभं राहणं. म्हातारपणी पडलेल्या माणसाला उठता येणं फार मोठी गोष्ट आहे. शेवटी पाच मिनिटं ताण, आणि पाणी.

खुराक, वजन आणि इंजेक्शन

बदाम-थंडाई-तूप ऐकून गरिबाचं पोरगं तालमीत येतच नाही. त्याला सांगा की मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, दोन अंडी, डाळ-भाकरी आणि दूध यांत वाढत्या अंगाला लागतं ते बहुतेक सगळं आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं, १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५, लिटरभर दुधात ३० च्या वर. तालमीने स्वतः काही द्यायचं असेल तर सरावानंतर हरभरे आणि गूळ द्या.

वजन उतरवायला पाणी तोडणं, प्लास्टिक गुंडाळून पळणं, थुंकत बसणं हे अठरा वर्षांखालच्यांना पूर्ण बंद. १९९७ साली अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान अशाच रीतीने वजन उतरवताना साधारण महिन्याभरात मेले आणि तिथले वजनाचे नियम बदलावे लागले. पोरगं ज्या वजनाला सहज बसतं त्याच गटात खेळवा.

आणि ज्या गोष्टीबद्दल तालमीत दबक्या आवाजात बोललं जातं ती उघड बोला. दम वाढवणारं म्हणून मेफेंटरमाइनचं इंजेक्शन महाराष्ट्रातल्या जिमांत आणि तालमींत पोचलेलं आहे. ते ऑपरेशनच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. ते घेऊन मेहनत करणाऱ्याचं हृदय बंद पडू शकतं, आणि खेळात ते बंदीच्या यादीत आहे. तालमीत सुई सापडली तर ज्याची असेल त्याच्या घरच्यांना त्याच दिवशी बोलवायचं, आणि पुरवणाऱ्याची तक्रार पोलिसांत करायची. इथे भीड धरली तर बाकी सगळी मेहनत वाया.

पहिली स्पर्धा आणि पुढचं वर्ष

सहा महिन्यांनी घरच्या घरी एक दिवसाची स्पर्धा घ्या. मॅटवर मोठ्यांना तीन-तीन मिनिटांच्या आणि सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद विश्रांती, असे आंतरराष्ट्रीय नियम लावा. खाली पाडून ताबा मिळवला तर दोन गुण, बाहेर ढकललं तर एक, फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत संपते. दुपारी मातीवर चितपटीच्या कुस्त्या. एकाच पोराला दोन्हीकडे लढू द्या म्हणजे त्याला फरक अंगाने कळतो: मातीत धीर धरून बसता येतं, मॅटवर घड्याळ थांबत नाही. हलगी आणा. इनाम रोख नको, जोडी बूट, लंगोट, वह्या द्या. प्रौढांच्या गटाला पंच, वेळ आणि पाण्याची कामं वाटून द्या, त्या दिवसापासून तालीम त्यांचीही होते.

हजेरी वहीत एक रकाना जादा ठेवा: जो आला नाही तो का आला नाही. पेरणी, परीक्षा, आजारपण, घरचा विरोध, वस्तादाचं बोलणं लागलं, काहीही असो. दोन आठवडे न आलेल्या प्रत्येक पोराच्या घरी कुणीतरी जाऊन यायचं. जून ते ऑगस्ट शेतीची गडबड असते तेव्हा आठवड्याला तीन दिवसच तालीम भरवा पण बंद ठेवू नका, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या मुलांना अर्धा तास हलक्या मेहनतीला बोलवा. पावसाळ्यात हौदा दमट राहतो, म्हणून त्या काळात मॅटवर जास्त भर आणि दर आठवड्याला एकदा माती पूर्ण उकरून वाळवणं. छपराचे पत्रे मे महिन्यातच तपासून घ्या.